लॉग विश्लेषण आणि सुरक्षा ऑटोमेशनचे सॉफ्टवेअर निवडताना या चुका टाळा

कळंगुट-कांदोळीच्या पट्ट्यातल्या हॉटेलांना नवी यंत्रणा पाहायला सवड मिळते ती पावसाळ्यात. जुलैत महिनाभर चाचणी होते, रोजचे लॉग (यंत्रे आपोआप लिहितात त्या घडामोडींच्या नोंदी) किती जीबी भरतात ते पाहिले जाते आणि त्याच मापाचा परवाना घेतला जातो. डिसेंबरात खोल्या भरल्या की पाहुण्यांचे वायफाय, पीओएस (बिलाची यंत्रे), ऑनलाइन बुकिंग सगळेच वाढते आणि माप तोकडे पडते. गोव्यात होणारी सर्वांत महाग चूक हीच.

माप ओलांडल्यावर काय होते, हा रकाना तुलनेच्या तक्त्यात सर्वांत वर हवा. अशा सॉफ्टवेअरपैकी मायक्रोसॉफ्ट सेंटिनेलची आकारणी जीबीवर असते, त्यामुळे बिल फुगते. ते आवरायला दैनिक मर्यादा घातली असेल, तर मर्यादा गाठल्यावर त्या दिवसाचे पुढचे लॉग घेणेच बंद होते. आयबीएम क्यूरेडारचा परवाना सेकंदाला किती नोंदी येतात (ईपीएस) यावर ठरतो. जादा नोंदी आधी रांगेत थांबतात, रांग भरली की गळतात. वाझू मुक्तस्रोत आहे, तिथे परवाना आड येत नाही, डिस्क येते.

हिशेब साधा आहे. ईपीएस गुणिले एका नोंदीचा सरासरी आकार गुणिले ८६,४०० सेकंद. २०० ईपीएस आणि ५०० बाइटची नोंद धरली तर दिवसाला ८.६४ जीबी, १८० दिवसांचे सुमारे १,५५५ जीबी. सगळ्यात बोलकी असते ती फायरवॉल, म्हणून तिच्यापासून मोजायला घ्या आणि तिच्या जुन्या अहवालांत गेल्या डिसेंबरचा आकडा सापडतो का पाहा. नसेल, तर आजच्या मापाच्या दुप्पट लॉग आले तर दर काय पडेल, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.

‘१८० दिवस ठेवतो’ यावर विसंबणे

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवावे लागतात आणि घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. कार्डाने पैसे घेणाऱ्यांना पीसीआय डीएसएस हे कार्ड-सुरक्षेचे मानक १२ महिन्यांचे लॉग मागते, त्यातले शेवटचे ३ महिने हाताशी हवेत. सॉफ्टवेअर हे करू शकते का, असे विचारले की सगळेच हो म्हणतात. विचारायचे ते हे, की काही न बदलता बसवले तर काय उरते?

वाझू मुळात फक्त अलर्ट जपून ठेवते. ज्या नोंदीवर नियम लागला नाही, किंवा लागला पण त्याची गांभीर्याची पातळी ३ पेक्षा कमी होती, ती शोधायला गेलात तर मिळत नाही. सगळ्या नोंदी हव्या असतील तर मॅनेजरच्या सेटिंगमध्ये ‘लॉगऑल जेसन’ चालू करावे लागते आणि फाइलबीटमध्ये (नोंदी साठवणुकीकडे पाठवणारा भाग) आर्काइव्हही, म्हणजे सगळ्या नोंदींचा साठा. ते केले की दुसरी अडचण उभी राहते. अलर्टचा आणि आर्काइव्हचा रोज नवा इंडेक्स (शोधता येणारा साठा) बनतो, प्रत्येकाचे ३ शार्ड (तुकडे), म्हणजे दिवसाला ६. एका नोडची (साठवणाऱ्या सर्व्हरची) मुळातली मर्यादा १,००० शार्ड. साधारण १६६ दिवसांनी, १८० च्या आतच, नवे इंडेक्स बनणे थांबते आणि डॅशबोर्ड कोरा दिसू लागतो. एकच नोड असेल तर टेम्प्लेटमधली शार्डची संख्या पहिल्याच दिवशी १ करा.

स्प्लंक या आणखी एका सॉफ्टवेअरमध्ये दिवसांची मर्यादा भरपूर असते, पण एका इंडेक्सचा आकार मुळात सुमारे ५०० जीबीवर बांधलेला असतो. तो भरला की सर्वांत जुने लॉग आपोआप पुसले जातात. सेंटिनेलमध्ये पहिले ९० दिवस साठवणुकीचे वेगळे पैसे नाहीत, पुढच्यांचे पडतात.

लॉगचा उगमही तपासा. विंडोजचा सुरक्षा लॉग साध्या संगणकावर मुळात २० एमबीचा असतो. गजबजलेल्या यंत्रावर तो लवकर भरतो आणि जुन्यावर नवे लिहिले जाते. कोणती प्रक्रिया सुरू झाली ही ४६८८ क्रमांकाची नोंद तर चालू केल्याशिवाय होतच नाही. उगमाशी जे लिहिलेच गेले नाही, ते कितीही महागडे सॉफ्टवेअर दाखवू शकत नाही.

ऑटोमेशनला पहिल्या दिवसापासून कुलूप लावायला देणे

प्रात्यक्षिकात हे फार छान दिसते. ५ मिनिटांत १० वेळा पासवर्ड चुकला (विंडोजची घटना ४६२५) की खाते बंद. प्रत्यक्षात पासवर्ड चुकवत असतो तो बहुधा कोणाच्या तरी फोनमधला जुना पासवर्ड, किंवा बॅकअपच्या कामात पडून राहिलेला. मग प्लेबुक (ठरवून दिलेल्या कृतींचा आपोआप चालणारा क्रम) बॅकअपचे खाते बंद करते, आणि बॅकअप होत नाही हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. शिवाय असा नियम कोणालाही तुमच्याविरुद्ध वापरता येतो. मुद्दाम दहा वेळा चुकीचा पासवर्ड टाकला की व्यवस्थापक बाहेर.

म्हणून तुलना करताना तीन गोष्टी चालवून दाखवायला सांगा. माणसाच्या संमतीसाठी प्लेबुक थांबते का? घातलेली बंदी ठरावीक वेळाने, समजा ६० मिनिटांनी, आपोआप उठते का? आणि ज्यांना कधीच हात लावायचा नाही अशांची यादी सर्व प्लेबुकांसाठी एकाच जागी ठेवता येते का? या यादीत गेटवे, डीएनएस, बुकिंगचा चॅनल मॅनेजर (वेगवेगळ्या बुकिंग साइटांना जोडणारे सॉफ्टवेअर) आणि पेमेंट गेटवे हवेतच. वेर्णा किंवा कुंडईच्या औषध कारखान्यात उत्पादनाला जोडलेले संगणकही हवेत. बॅच चालू असताना असे यंत्र नेटवर्कवरून तोडले तर माल आणि त्याच्या नोंदी दोन्ही अडचणीत येतात. तिथे प्लेबुकने फक्त फोन वाजवावा, निर्णय पाळीवरच्या माणसाचा.

पहिला महिना माहिती गोळा करून संदेश पाठवण्यापुरताच द्या. दुसऱ्या महिन्यात संमती घेऊन कृती. त्यानंतर जे खात्रीचे ठरले, तेवढेच पूर्ण आपोआप. खर्चात हेही धरा, की सेंटिनेलची प्लेबुके लॉजिक ॲप्सवर चालतात आणि त्याचे बिल वेगळे असते.

घड्याळ

छोटी दिसणारी, पण तपास बुडवणारी चूक. जुन्या पद्धतीच्या सिसलॉगमध्ये (नेटवर्कवरून लॉग पाठवण्याची रूढ पद्धत) टाइमझोन नसतो. फायरवॉलने सकाळी १० लिहिले आणि सॉफ्टवेअरने ते यूटीसी (भारतापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक वेळ) मानले, तर ती नोंद दुपारी ३.३० ची ठरते. मग फायरवॉल आणि सर्व्हर यांच्या नोंदी जोडणारा नियम लागतच नाही. प्रत्येक स्रोताचा टाइमझोन स्वतंत्रपणे नोंदवा. घड्याळे एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवणे सर्ट-इनच्या निर्देशांतच आहे.

लॉग येणे थांबले तर

या क्रमाने पाहा. कलेक्टरवर (लॉग गोळा करणाऱ्या सर्व्हरवर) टीसीपीडंप हे नेटवर्कवरची ये-जा दाखवणारे साधन चालवून ५१४ या सिसलॉगच्या पोर्टवर काही येते का बघा. काहीच नसेल तर दोष पाठवणाऱ्या यंत्राचा किंवा मधल्या नेटवर्कचा. येत असूनही शोधात दिसत नसेल, तर शोधाची मुदत पुढच्या ६ तासांपर्यंत वाढवा. घड्याळाचा घोळ असेल तर नोंदी तिथे सापडतात. तिथेही नसतील तर पार्सर (नोंदीचे भाग वेगळे करून वाचणारा भाग) आणि मग डिस्क. वाझूचा इंडेक्सर ओपनसर्च या शोधाच्या सॉफ्टवेअरवर उभा आहे. डिस्क ९५ टक्के भरली की तो इंडेक्समध्ये लिहिणे अडवतो.

नोंदी मधूनच गळत असतील तर यूडीपी या पाठवण्याच्या पद्धतीवर संशय घ्या. त्यात हरवलेल्याची पोच नसते. टीसीपीवर, शक्य असल्यास टीएलएससह (सांकेतिक करून) ६५१४ पोर्टवर या. पावसाळ्यात वीज गेली की शाखेची लाइनही जाते, म्हणून लॉग पाठवणाऱ्या आरसिसलॉग या प्रोग्रामला डिस्कवरची रांग लावून द्या, नाहीतर तेवढ्या वेळाचे लॉग कायमचे जातात. कलेक्टर, स्विच आणि राउटर तिन्ही यूपीएसवर हवेत.

महिन्यातून एकदा, आणि चतुर्थीच्या सुट्टीआधी न चुकता, एका चाचणी खात्यावर मुद्दाम दहा वेळा चुकीचा पासवर्ड टाका. अलर्ट उठायला आणि ड्युटीवरच्या माणसाच्या फोनवर पोचायला किती मिनिटे लागली ते लिहून ठेवा. सुट्टीत तो फोन कोणाकडे असेल, तेही त्याच कागदावर.