मिरवणुकीत दम का सुटतो? ट्रम्पेटवाल्यांनो, या चुका टाळा

आषाढ लागला, लग्नसराई थंडावली की आमच्या बँडच्या तालमीला नवी पोरं यायला लागतात. गणपती तोंडावर आलेले असतात आणि तिसऱ्या दिवशी ठरलेला प्रश्न येतो, "मास्तर, गाणं कधी?" मी म्हणतो, आधी चालून दाखव. हसतात. खुर्चीत बसून तासभर वाजवणारा पोरगा रस्त्यावर दहा मिनिटांत गार होतो, हे त्यांना अजून माहीत नसतं.

पहिली चूक खांद्यांची. "दम भर" म्हटलं की पोरांचे खांदे कानाला टेकतात. त्यात छातीचा फक्त वरचा भाग भरतो, गळा आवळतो आणि दोन ओळींत फुंक संपते. दम खाली गेला पाहिजे. कमरेचा पट्टा घट्ट लागला पाहिजे, खालच्या बरगड्या दोन्ही बाजूंना आणि मागे पाठीत फुगल्या पाहिजेत. कळत नसेल तर जमिनीवर उताणे झोपा, पोटावर एक जाड वही ठेवा आणि वही वर-खाली होऊ द्या. तेच उभं राहून करा, मग चालत.

चालताना माझा हिशेब पावलांचा. चार पावलांत श्वास आत, आठ पावलांत दातांतून 'स्स्स' करत बाहेर. आठवड्याने चारात आत, बारात बाहेर. मग दोनात आत, बारात बाहेर. परेडची चाल मिनिटाला 120 पावलांची, म्हणजे आठ पावलं चार सेकंदांत होतात. वरातीत चाल कितीतरी संथ, तिथे तीच आठ पावलं संपता संपत नाहीत. डोकं गरगरलं तर थांबा. भराभर श्वास घेतला-सोडला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याची ती चक्कर. काही शहाणे तिला दम वाढल्याची खूण समजतात. ट्रम्पेट ओठाला असताना श्वास नाकाने ओढू नका, पुरत नाही. माउथपीस, म्हणजे ओठाला लावायची वाटी, जागेवर ठेवून तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांतून घ्या.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे, म्हणून जरा लांबण लावतो. पुण्यातली विसर्जन मिरवणूक, माझं तिसरं वर्ष. आम्ही बेलबाग चौकातून लक्ष्मी रस्त्याला लागलो. पुढे ढोल-ताशा, मागे ढोल-ताशा, मला माझाच सूर ऐकू येईना. मग काय, लागलो जोर लावायला. वरचे सूर निघेनात म्हणून उजव्या हाताची करंगळी ट्रम्पेटवरच्या हुकात अडकवली आणि ट्रम्पेट ओठांवर दाबत गेलो. कुंटे चौक येईपर्यंत वरचा ओठ सुजून बधिर. पुढे तर सूरच नाही, नुसती हवा. अलका चौकापर्यंत मी चाव्या दाबत वाजवल्याचं सोंग करत चाललो आणि गाण्याची चाल आमच्या युफोनियमवाल्या (ट्रम्पेटपेक्षा मोठं, खालच्या सुराचं पितळी वाद्य) काकांनी एकट्याने ओढली. सकाळी चहाच्या टपरीवर ते एवढंच म्हणाले, "वाजवत होतास का चावत होतास रे?" नऊ दिवस ओठ वाजण्यासारखा नव्हता. पितृपंधरवडा होता म्हणून वाचलो, नाहीतर हातातल्या सुपाऱ्या गेल्या असत्या.

सूर ओठांच्या थरथरण्यातून निघतो. माउथपीस दाबला की तिथलं रक्त अडतं, स्नायू लवकर दमतो. दमला की माणूस आणखी दाबतो. यातून बाहेर यायला मी रोज सकाळी ट्रम्पेट डाव्या तळव्यावर नुसतं आडवं ठेवतो, मूठ वळत नाही, आणि मधल्या पट्टीतला एक सूर हलका, लांब धरतो. दाबायला गेलं की ट्रम्पेट मागे सरकतं, चोरी लगेच पकडली जाते. पंधरा मिनिटं असेच लांब सूर, तेही हळू आवाजात. करंगळी हुकावर टेकवा, हुकात घालू नका. जितका वेळ वाजवलं तितका वेळ विश्रांती. हे कंटाळवाणं आहे, मान्य. पोरांना पहिल्या दिवसापासून वरचा सूर हवा असतो, आणि वरच्या सुराची घाई असलेला पोरगा विसर्जनाला माझ्यासारखाच नुसत्या चाव्या दाबताना दिसतो.

मोबाइलवर बघून न थांबता फुंकायचा सराव करणारेही भेटतात. शहनाईवाले नाकाने श्वास घेत सूर अखंड ठेवतात, ती विद्या खरीच. पण साधा श्वास न येणाऱ्याने तिच्या मागे लागू नये. आपल्याकडे दोघं-तिघं एकच चाल वाजवतात. एकाने ओळीच्या मध्ये श्वास घ्यावा, दुसऱ्याने शेवटी. सगळे एकदम थांबले की गाण्याला भोक पडतं.

बाकीचं थोडक्यात. गाल फुगवू नका. अमेरिकेतला नामी जॅझ ट्रम्पेटवाला डिझी गिलेस्पी फुगवायचा हे मला सांगू नका, तो डिझी गिलेस्पी होता. सावलीत सूर जुळवून उन्हात निघालात तर पितळ आणि आतली हवा तापून सूर चढतो, तेव्हा ट्यूनिंगची नळी थोडी बाहेर ओढा. पोटभर जेवून वाजवायला उभं राहू नका. आणि गुटखा. राज्यात 2012 पासून बंदी आहे, तरी पुड्या सापडतातच. गुटख्याने तोंड उघडेनासं झालेले वाजवणारे मी पाहिलेत, त्यांना कुठला व्यायाम सांगणार?

राहिले पाय. खड्ड्यात पाय गेला की माउथपीस थेट दातावर बसतो, म्हणून गुडघे सैल, टाच आधी, मग पंजा. यासाठी आमच्याकडे स्टीलचा पेला आहे. काठोकाठ पाणी भरायचं, ट्रम्पेट धरतो त्या उंचीवर धरायचा आणि तोंडाने पावलं मोजत अंगणात फेऱ्या मारायच्या. पहिल्या दिवशी अंगण ओलंचिंब होतं. ते कोरडं राहायला लागलं की मग गाण्याचं विचारा.