कमी बजेटमध्ये चालवायला मजा येईल अशी गाडी कशी निवडायची

दहा लाखाच्या आत स्पोर्टी गाडी मिळते का, तर मिळते, पण ब्रोशरवरचा पॉवरचा आकडा बघून घ्यायला गेलात तर फसाल. मी आधी वजन बघतो, मग टॉर्क (चाक फिरवायची ताकद) कुठल्या आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे) मिळतो ते, आणि पॉवर सगळ्यात शेवटी.

हिशोब करून बघा. २०१८ ची पेट्रोल स्विफ्ट ८३ पीएसची (पीएस म्हणजे हॉर्सपॉवरच), वजन साधारण ८७० किलो. १.२ लिटरची पोलो जीटी टीएसआय १०५ पीएसची, वजन ११०० च्या आसपास. भागाकार केला की दोन्हीकडे टनामागे साधारण ९५ पीएसच येतात. पण स्विफ्टचा ११३ एनएम टॉर्क ४२०० आरपीएमला येतो आणि पोलोचा १७५ एनएम १५०० पासूनच मिळायला लागतो, त्यामुळे ताम्हिणी घाटाच्या चढाला पोलो आरामात ओढते आणि स्विफ्टला गिअर खाली टाकून इंजिन वर फिरवत ठेवावं लागतं. मला दोन्ही प्रकार आवडतात, तुम्हाला कुठला आवडतो ते दोन्ही चालवूनच कळेल, रिव्ह्यू बघून नाही.

आपल्याकडे सगळ्या छोट्या स्पोर्टी गाड्या १.० नाहीतर १.२ लिटर टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) का, तर टॅक्समुळे. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत असेल तरच छोट्या गाडीचा कमी टॅक्स लागतो, सप्टेंबर २०२५ पासून तर तो १८ टक्क्यांवर आलाय. बलेनो आरएस, टियागो जेटीपी, आय२० एन लाइन, अल्ट्रोझ रेसर सगळ्या याच चौकटीत बसवलेल्या. अबार्थ पुंटो त्यातली नाही, रांजणगावला बनलेली, १.४ टर्बो, १४५ बीएचपी, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि स्टिअरिंग हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारं. आता सगळीकडे इलेक्ट्रिक स्टिअरिंग आलंय, पार्किंगला हलकं आणि मायलेजला चांगलं, पण पुढचं चाक खडीवर गेलं की हाताला जे कळायला हवं ते बऱ्याच गाड्यांत कळत नाही. म्हणून टेस्ट ड्राइव्हला ऐंशीच्या स्पीडला लांब वळण घ्या आणि स्टिअरिंग हळूहळू वजनदार होतंय का बघा, मधेच हलकं मधेच जड वाटलं तर ती गाडी घाटात कधीच विश्वास देणार नाही.

सेकंडहँड बघत असाल (आणि या बजेटमध्ये खरा माल तिथेच आहे) तर मालकाला आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत स्टार्ट करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा, गरम लागलं तर परत दुसऱ्या दिवशी सकाळी जा. थंड गाडी स्टार्ट करताना मित्राला सायलेन्सरमागे उभं करा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, टर्बोचं सील किंवा इंजिनच, दोन्ही खर्च मोठे. मग डिपस्टिक काढून ऑइल बघा आणि सर्व्हिस हिस्ट्रीत ऑइल किती किलोमीटरला बदललंय ते बघा. टर्बो गाडीला दहा हजार किलोमीटरच्या आत ऑइल बदलणारा मालक भेटला तर पाच-दहा हजार रुपये जास्त गेले तरी चालतील. कारण टर्बोचं बेअरिंग त्या ऑइलवरच जगतं आणि घाट चढून आल्या आल्या गाडी बंद केली की आतलं ऑइल तिथेच करपतं, म्हणून जोरात चालवल्यावर अर्धा-एक मिनिट इंजिन आयडलला (जागेवर चालू) ठेवायची सवय लावा.

ड्युअल क्लच ऑटोमॅटिक (दोन क्लचने आपोआप गिअर बदलणारी) असेल तर रिकाम्या रस्त्यावरची टेस्ट काही कामाची नाही. पोलोसारख्या छोट्या गाड्यांतल्या सात गिअरच्या डीएसजीचे (फोक्सवॅगनचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स) क्लच ड्राय असतात, म्हणजे ऑइलमध्ये बुडलेले नसतात, बंपर टू बंपरमध्ये ते तापतात, तेव्हा संध्याकाळी भर ट्रॅफिकमध्ये वीस-पंचवीस मिनिटं चालवा आणि मग पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथर किंवा झटका येतो का बघा. मॅन्युअल असेल तर तिसऱ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमवरून पूर्ण अॅक्सिलरेटर द्या. आरपीएमचा काटा वर गेला आणि स्पीड वाढला नाही तर क्लच प्लेट गेली. माझं मत विचाराल तर या बजेटमध्ये मॅन्युअलच घ्या, मजाही जास्त आणि रिपेअरही आपल्या गॅरेजवाल्याला जमतं.

टायरवर डीओटी (DOT) अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडमधले शेवटचे चार आकडे वाचा, २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. चार टायर चार कंपन्यांचे असतील तर मालकाने बाकी ठिकाणीही असाच पैसा वाचवलेला असतो. गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर वाचणारा स्कॅनर लावून घ्या आणि रिमॅप (पॉवर वाढवायला इंजिनच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल) केलंय का ते स्पष्ट विचारा, इन्शुरन्सला कळवलं नसेल तर क्लेमच्या वेळी भांडण ठरलेलं. पेट्रोल गाडी एप्रिल २०२३ च्या आधीची असेल तर ई२० साठी (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) फ्युएल लाईनचे रबर पाईप आणि सील मेकॅनिककडून बघून घ्या.

आता इलेक्ट्रिकचं. सिग्नलला जो झटका मिळतो तो खराच भारी आहे आणि बॅटरी खाली असल्यामुळे गाडी रस्त्याला धरूनही बसते, पण नेक्सॉन इव्हीसारखी गाडी १४०० किलोच्या आसपास जाते आणि ते वजन वळणात, ब्रेकवर जाणवतंच. टेस्ट ड्राइव्हला सरळ रस्त्यावर पळवून परत येऊ नका, पाच-सहा वेळा वेगवेगळ्या जोराने ब्रेक दाबा, रिजनमधून (मोटरच गाडी हळू करून बॅटरी चार्ज करते ते) खऱ्या ब्रेकवर जाताना पायाला पायरी लागते का ते बघा. ती लागत नसेल आणि रोजचं चालवणं शहरातच असेल तर खुशाल घ्या, पेट्रोलवाल्यांचं ऐकू नका.

गाडी घरी आली की पहिला खर्च टायर, ब्रेक ऑइल आणि अलाइनमेंटवर करा. एक्झॉस्ट, मोठे अलॉय हे नंतर. १५ इंचावरून १७ वर गेलात की चाकं जड होतात, खड्ड्यात रिम वाकतो आणि जो हलकेपणा बघून गाडी घेतली तोच जातो.