अर्धवट राहिलेली गोधडी पुरी करताना

आत जुनी सुती लुगडी, धोतरं उत्तम. नायलॉनची साडी घालू नका, थर सरकतात. नवं ठिगळ आधी भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटून भोवतालचं कापड ओढतं.

थर जमिनीवर ताणून अंथरा, कडांवर वजनं ठेवा आणि मधून कडेकडे वीतभर अंतरावर कच्चे टाके घाला. हे टाळलं की खालच्या बाजूला चुण्या पडतात, आणि त्या उसवल्याशिवाय जात नाहीत! मग बोटभर अंतरावर धावदोरा. दोरा हातभरच घ्या. लांब दोऱ्याला गाठी पडतात.

काम महिनाभर थांबणार असेल तर सुई काढून ठेवा, गंजाचा डाग हट्टी असतो. घडी नको, गुंडाळी करा. कच्चे टाके काठ शिवल्यावरच उसवा.