आधी पुसा, मग घासा, मग परत पुसा

बांबूची सायकल घरी बांधायला घेतली तेव्हा धास्ती होती ती बांबूची. तडकेल, कुजेल, भुंगा लागेल. बांबूला काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी चढावर उभं राहून पेडल मारलं आणि खालून ‘कट्’ असा आवाज आला. पेडलचा आस ज्या लोखंडी नळीत बसतो (दुकानात तिला बीबी शेल म्हणतात) ती नळी तागाच्या गुंडाळीत जागच्या जागी फिरत होती.

गुंडाळी कापली. ताग ज्यात भिजवून गुंडाळतात त्या इपॉक्सीवर (दोन भाग मिसळून कडक होणारा गोंद) नळीचा ठसा स्वच्छ उमटलेला आणि नळी कोरी. जोड सुटला की पहिल्यांदा हेच बघायचं. दोन्ही बाजूंना इपॉक्सी दिसलं तर तुटलं ते इपॉक्सी. एक बाजू कोरी असेल तर त्याने धातू धरलाच नव्हता, आणखी महागडं इपॉक्सी आणून उपयोग नाही.

बरं, घासलं नव्हतं असंही नाही, चांगला अर्धा तास घासलं होतं. पण तेल न पुसता. गंज चढू नये म्हणून नव्या नळीला तेलाचा हात दिलेला असतो, आणि पॉलिश पेपर फिरवला की ते ओरखड्यांत जाऊन बसतं. म्हणून आधी अ‍ॅसिटोनने पुसायचं, मग 80 नंबरच्या पेपरने आडवं, उभं, तिरपं घासायचं, चमक जाऊन सगळीकडे सारखा करडा रंग येईपर्यंत. मग परत पुसायचं, पांढरं फडकं काळं व्हायचं थांबेपर्यंत. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल आणि सुगंध असू शकतो. खिडक्या उघड्या, गॅस बंद. तारेचा ब्रश मला तरी नको वाटतो, तो बऱ्याचदा खरवडण्याऐवजी घोटतो.

आता पाण्याचा थेंब टाका. पसरला तर ठीक. मण्यासारखा उभा राहिला तर तेल आहे, पुन्हा सुरुवातीपासून. पास झालात तर लगेच हेअर ड्रायरने वाळवा, लोखंड ताबडतोब गंज धरतं. अ‍ॅल्युमिनियमवरही हवेत ऑक्साइडचा थर चढतोच, त्यामुळे घासून झाल्यावर चहाला जाऊ नका. त्याला पेपरही वेगळा, लोखंडाचा कीस त्यात रुतायला नको. ‘किती मस्त खरखरीत झालंय’ म्हणून बोट फिरवायचा मोह होतो. त्या बोटालाही तेल असतं.

दुसरी नळी बसवण्याआधी एक नमुना चिकटवला, पूर्ण दिवस सुकवला आणि व्हाइसमध्ये धरून तोडला. बांबूचे धागे उपटून आले, लोखंडावर इपॉक्सी तसंच.