साखरेविना क्रीमी सॅलड ड्रेसिंग : या चुका टाळा

साखर न घातलेले ड्रेसिंग बिघडले की ते बिघडवणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : साखरेऐवजी काय घालू? या प्रश्नाचा मला आता खरोखर कंटाळा आला आहे, कारण त्याचे उत्तर बहुतेक वेळा ‘काहीही घालू नका, आंबट कमी करा’ एवढेच असते आणि ते ऐकून कोणाचेही समाधान होत नाही. क्रीमी ड्रेसिंगमध्ये साखर घातली जाते ती ड्रेसिंग गोड लागावे म्हणून नव्हे, तर पाककृतीत सढळ हाताने ओतलेला आंबटपणा झाकावा म्हणून. ते पांघरूण काढून घेतल्यावर खाली जे असेल ते दिसणारच. अशा वेळी दुसरे पांघरूण शोधत बसण्यापेक्षा खालचे नीट करावे, असे माझे मत आहे.

आंबटाचे प्रमाण तसेच ठेवणे

तेल आणि व्हिनेगर यांच्या पातळ ड्रेसिंगसाठी तीन भाग तेलाला एक भाग व्हिनेगर हे प्रमाण अनेकांच्या वाचनात आलेले असते आणि तेच ते डोळे मिटून दह्याच्या ड्रेसिंगलाही लावतात. तेल आंबट नसते आणि दही असते, एवढी साधी गोष्ट या हिशेबातून सुटून जाते. दह्याचा सामू (pH; हा आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट) मुळातच 4.5 च्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. त्यात लिंबाचा रस पडतो, त्यावर व्हिनेगर पडते, आणि वर जे मस्टर्ड (मोहरीची तयार पेस्ट) घातले जाते त्यातही पुन्हा व्हिनेगरच असते. असे चारही बाजूंनी आंबट गोळा झाल्यावर, साखर नाही म्हणून ड्रेसिंग तोंडात धरवत नाही अशी तक्रार करण्यात काही अर्थ उरत नाही.

माझ्या हाताला बसलेले प्रमाण असे आहे की पाणी निथळून घट्ट केलेल्या 200 ग्रॅम दह्याला दोन मोठे चमचे तेल, अर्धा लहान चमचा मस्टर्ड, अर्ध्या लहान चमच्याहून किंचित कमी मीठ आणि लिंबाचा रस फक्त एक लहान चमचा घ्यावा. दुसरा चमचा रस वाटीत बाजूला काढून ठेवते आणि तो लागलाच तर शेवटी घालते. दहा वेळांपैकी सहा-सात वेळा तो लागत नाही. व्हिनेगर वापरायचेच असेल तर बाटलीवरची आम्लता वाचून घ्यावी, कारण 4 टक्क्यांचे व्हिनेगर आणि 7 टक्क्यांचे व्हिनेगर एकाच चमच्याने मोजणे म्हणजे न मोजण्यासारखेच आहे.

ड्रेसिंग आधीच आंबट होऊन बसले असेल तर प्रथम मीठ तपासावे. मीठ कमी पडले की आंबट आणि कडू या दोन्ही चवी प्रमाणाबाहेर टोचतात, आणि चिमूटभर मिठाने जे काम होते ते करण्यासाठी लोक उगाच गोडाकडे धावतात. मिठाने भागले नाही तर स्निग्धांश वाढवावा : एक-दोन चमचे ताजी साय किंवा क्रीम, नाही तर आणखी घट्ट दही. खायचा सोडा घालून आंबटपणा मारण्याची युक्ती मात्र कोणी सांगितली तर ऐकून सोडून द्यावी. ड्रेसिंग फसफसते, त्यात हवा भरते आणि मागे साबणासारखी चव राहते.

चव नेहमी पानाला लावून घ्यावी, चमच्याने चाटून नव्हे. चमच्यावर जे जरा खारट आणि जरा आंबट वाटते, ते लेट्यूसच्या पाणीदार पानावर नेमके बसते.

मिक्सर, ऑलिव्ह तेल आणि स्टेव्हिया

या चुकीबद्दल मी अधिकाराने लिहू शकते, कारण ती मी स्वतः आणि मोठ्या प्रमाणावर केलेली आहे. काही वर्षांपूर्वी पंचवीस-तीस माणसांच्या जेवणासाठी सॅलडची जबाबदारी माझ्याकडे होती आणि त्यातल्या दोघांना साखर वर्ज्य असल्यामुळे सगळ्यांसाठी एकच बिनसाखरेचे ड्रेसिंग करायचे ठरले. हाताने फेटण्याचा कंटाळा आला, वेळही कमी होता, म्हणून दही, लसूण, मस्टर्ड आणि जवळजवळ अर्धा लिटर उत्तम प्रतीचे एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल असे सगळे मिक्सरमध्ये घालून तीन घाण्यांत चांगले दोन-दोन मिनिटे फिरवले. दिसायला ते इतके सुरेख, पांढरेशुभ्र आणि दाट झाले होते की मी चव न घेताच भांडे झाकून ठेवले. तासाभराने चाखले तेव्हा ते कडू होते, आणि कडू म्हणजे थोडेसे तुरट नव्हे, तर औषधासारखे कडू.

त्यानंतर मी जे केले ते नवशिक्यालाही शोभले नसते. आधी लिंबू पिळले, त्यामुळे ते कडू आणि आंबट झाले. मग कपाटातली स्टेव्हियाची, म्हणजे साखरेऐवजी वापरल्या जाणाऱ्या एका गोड पानाच्या अर्काची पूड आठवली. स्टेव्हियाचे शुद्ध अर्क साखरेच्या 200 ते 300 पट गोड असतात हे मला पाठ होते, तरी घाईत चिमटीऐवजी चमचा वापरला गेला. स्टेव्हियाला स्वतःची अशी एक कडवट शेपटी असते, कारण तिच्यातली गोड संयुगे जिभेवरच्या कडू चव ओळखणाऱ्या ग्राहींनाही (रिसेप्टरना) चाळवतात. म्हणजे कडू झाकण्यासाठी मी जे घातले तेही मागून कडूच होते. शेवटी ते सगळे ड्रेसिंग टाकून द्यावे लागले आणि पाने नुसत्या मीठ, लिंबू आणि उरलेल्या तेलाबरोबर वाढली. ती सगळ्यांना आवडली, हे मला त्या दिवशी फारसे सुखावणारे वाटले नाही.

कारण समजून घेतले तर ही चूक पुन्हा होत नाही. एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेलात पॉलिफेनॉल वर्गातली कडवट आणि घशाला तिखट लागणारी संयुगे असतात आणि त्यांवरच त्या तेलाची ख्याती आहे. तेल सावकाश ढवळले की ती स्निग्धांशात लपेटलेली राहतात, पण वेगाने फिरणाऱ्या पात्यांनी तेलाचे अतिशय बारीक थेंब केले की ती पाण्याच्या भागात मोकळी होतात आणि जिभेला थेट भिडतात. म्हणून मिक्सर किंवा हँड ब्लेंडर वापरायचा असेल तर सूर्यफुलासारखे मंद चवीचे तेल घ्यावे, आणि ऑलिव्ह तेलाचा गंध हवाच असेल तर ते अगदी शेवटी, मिक्सर बंद केल्यावर, चमच्याचमच्याने हाताने ढवळून मिसळावे. तेल विकत आणल्यावर अर्धा चमचा तसेच तोंडात घेऊन पाहावे. घसा जळजळला तर ते तेल मिक्सरच्या भांड्यात जाता कामा नये.

आता गोडीच्या पर्यायांविषयी, एकदाच आणि शक्य तितक्या शांतपणे. एरिथ्रिटॉल ही साखरेसारखी दिसणारी पर्यायी गोडी साखरेच्या साधारण 60 ते 70 टक्के गोड असते, पण ती थंड पाण्यात नीट विरघळत नाही आणि ड्रेसिंगमध्ये मुळात पाणीच थोडे असते, त्यामुळे फ्रिजमध्ये ठेवल्यावर ती पुन्हा खडे धरते आणि दाताखाली रेती आल्यासारखे होते. शिवाय जिभेवर पेपरमिंटसारखा गारवा सोडते, जो लसणाबरोबर अजिबात जमत नाही. मध आणि खजूर घालून त्या ड्रेसिंगला बिनसाखरेचे म्हणणारे लोक नेमके कोणाला फसवतात हे मला आजवर कळलेले नाही, कारण मधाचा सुमारे 80 टक्के भाग साखरच असतो. थोडा गोडसर गोलावा हवाच असेल तर लसणाचा अख्खा गड्डा तेल लावून ओव्हनमध्ये 200 अंश सेल्सिअसला पाऊण तास भाजावा आणि मऊ झालेल्या पाकळ्या ड्रेसिंगमध्ये कुस्करून घालाव्यात. याला वेळ लागतो, आणि बहुधा म्हणूनच हे कोणी करत नाही.

लपलेली साखर

स्वतः साखर घातली नाही म्हणजे ड्रेसिंगमध्ये साखर नाही, असे होत नाही. बाटलीतल्या मेयोनीजमध्ये ती बहुतेक वेळा असते, वूस्टरशायर सॉसमध्ये असते, आधीच चव देऊन विकल्या जाणाऱ्या (सीझन्ड) तांदळाच्या व्हिनेगरमध्ये असते, आणि साध्या बाल्सामिक व्हिनेगरमध्ये तर 100 ग्रॅममागे साधारण 15 ग्रॅम शर्करा असते. घटकांच्या यादीत डेक्स्ट्रोज, कॉर्न सिरप, फळांच्या रसाचा अर्क किंवा माल्टोडेक्स्ट्रिन दिसले तर बाटली परत फळीवर ठेवावी. माल्टोडेक्स्ट्रिन ही स्टार्चपासून केलेली पूड तांत्रिक अर्थाने साखर नसते, पण रक्तातली साखर ती वेगाने वाढवते, आणि साखर टाळणाऱ्याला व्याख्येशी नव्हे तर परिणामाशी कर्तव्य असते.

येथे आणखी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. अनेक देशांच्या नियमांत 100 ग्रॅममागे 0.5 ग्रॅमहून अधिक शर्करा नसलेल्या पदार्थालाच ‘शुगर फ्री’ म्हणता येते, आणि साध्या दह्यातच 100 ग्रॅममागे 4 ते 5 ग्रॅम दुग्धशर्करा असते. दही निथळल्यावर पाण्याबरोबर तिचा काही भाग निघून जातो, सगळा नाही. तेव्हा दह्याच्या ड्रेसिंगला ‘वरून साखर न घातलेले’ म्हणावे, आणि ज्यांना शर्करा अगदी मोजून खायची आहे त्यांनी घरी केलेल्या मेयोनीजच्या वाटेने जावे.

तेल एकदम ओतणे

मेयोनीज म्हणजे पाण्यात अडकवून ठेवलेले तेलाचे थेंब, ज्याला रसायनशास्त्रात पायस म्हणतात. पिवळ्या बलकातले लेसिथिन आणि प्रथिने प्रत्येक थेंबाभोवती बसून त्याला शेजारच्या थेंबात मिसळू देत नाहीत, पण त्यासाठी थेंब आधी वेगळे आणि बारीक झालेले असावे लागतात. पहिल्या दोन-तीन चमच्यांचे तेल थेंबाथेंबाने घालायचे असते. एवढे सांगूनही लोक पहिल्याच मिनिटाला अर्धी वाटी तेल ओततात आणि मग अंडे खराब होते म्हणतात. मिश्रण एकदा दाट झाले की पुढचे तेल बारीक धारेने घातले तरी चालते, मात्र सुरुवातीला घाई चालत नाही.

दुसरी बाजू अशी की पुष्कळदा बलक कमी पडत नाही, पाणी कमी पडते. एका बलकात 150 ते 200 मिलिलिटर तेल सहज सामावते. मिश्रण चमच्याला चिकटून ताठ उभे राहू लागले आणि कडेने तेलकट चमक दिसू लागली की समजावे की थेंबांना राहायला जागा उरलेली नाही. अशा वेळी एक लहान चमचा कोमट पाणी घालून फेटले तर ते सावरते. पूर्ण फुटलेच तर टाकून देऊ नये. स्वच्छ भांड्यात एक लहान चमचा मस्टर्ड आणि एक चमचा पाणी घ्यावे आणि फुटलेले मिश्रणच तेल समजून थेंबाथेंबाने त्यात फेटत जावे. या कामाला दहा मिनिटे लागतात आणि हात दुखतो.

झँथन गम या दाटपणा आणणाऱ्या पुडीची चिमूट घालून हे सगळे टाळता येते, हे मला ठाऊक आहे. पाव लहान चमच्याहून जास्त पडली की ड्रेसिंग शेंबडासारखे ताणले जाते, हेही मला ठाऊक आहे. वापरायचेच असेल तर आधी ते तेलात कालवून घ्यावे, थेट पाण्यात टाकल्यास त्याच्या गुठळ्या फुटत नाहीत.

उरलेल्या चुका

दही मिक्सरमध्ये फिरवू नये. त्याची जाळीदार घडण मोडते आणि ते ताकाच्या वाटेला लागते. मलमलच्या कापडात चार तास, शक्य असल्यास रात्रभर, फ्रिजमध्ये टांगून निथळलेले दही चमच्याने हलक्या हाताने ढवळले तरी पुरते.

ताहिनीत (तिळाच्या वाटणात) पहिले दोन चमचे पाणी घातल्यावर ती सैल होण्याऐवजी आवळून घट्ट गोळा होते. हे बिघडणे नव्हे. घाबरून तेल ओतू नये, पाणीच चमच्याचमच्याने घालत राहावे; थोड्या वेळाने ती एकाएकी सुटते आणि रंगानेही फिकट होते.

काजू चार तास भिजवलेले नसतील तर कितीही वाटले तरी ड्रेसिंग रवाळच राहते, आणि ते ठेवल्यावर आणखी दाट होते याचा हिशेब आधीच करावा.

मीठ तेलात विरघळत नाही, म्हणून ते आधी लिंबाच्या रसात विरघळवून घ्यावे.

कच्चा लसूण किसून दहा मिनिटे लिंबाच्या रसात ठेवला की त्याचा उग्रपणा उतरतो. तसे न केल्यास दुसऱ्या दिवशी ड्रेसिंगला फक्त लसणाचीच चव असते. कच्चा लसूण तेलात बुडवून बाहेर ओट्यावर साठवणे धोक्याचे आहे, कारण हवाबंद आणि आम्लरहित तेलात बॉट्युलिझमचे विष तयार करणारे जिवाणू वाढू शकतात.

पाने ओली असतील तर जगातले कोणतेही ड्रेसिंग त्यांना चिकटत नाही. काकडी आणि टोमॅटो मिठामुळे पाणी सोडतात, म्हणून ती वाढण्याच्या क्षणापर्यंत वेगळी ठेवावीत.

कच्च्या अंड्याचे मेयोनीज करताना पाश्चराइज केलेली अंडी घ्यावीत; ती मिळत नसतील तर लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांच्यासाठी दह्याचेच ड्रेसिंग करावे. दोन्ही प्रकार 4 अंश सेल्सिअसच्या आसपास झाकून ठेवावेत आणि तीन-चार दिवसांत संपवावेत, पण गोठवू मात्र नयेत, कारण बर्फाचे स्फटिक पायस फोडतात. ऑलिव्ह तेल घातलेले ड्रेसिंग फ्रिजमधून काढल्यावर घट्ट आणि कणीदार दिसले तर ते बिघडले असे समजून ओतून देऊ नये. तेल थंडीने गोठलेले असते, पंधरा-वीस मिनिटे बाहेर ठेवून एकदा ढवळले की ते पूर्ववत होते.