घराचा दिनक्रम पाहून मुलांच्या मोबाईलची मर्यादा कशी ठरवावी

दोन वर्षांखालील बाळांना पडद्यासमोर मुळीच बसवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी तासाभरापेक्षा जास्त वेळ बसवू नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिला. तो योग्यच आहे. परंतु मुलाच्या हाती मोबाईल जाण्याचे कारण प्रत्येक घरात निराळे असल्यामुळे मर्यादेची आखणीही निराळी करावी लागते.

म्हणून सुरुवात नोंदीने करावी. दुधाचा आणि गॅसचा हिशेब ज्या दिनदर्शिकेवर लिहिला जातो, तिच्याच चौकटीत आठवडाभर मोबाईल कोणी, किती वाजता आणि कशासाठी दिला हे लिहावे. ‘रडत होता’ हे कारण पुरेसे नाही. तो रडत असताना घरातील मोठी माणसे काय करत होती, हे त्यातून कळले पाहिजे.

विट्यात यंत्रमागावर रात्रपाळी करून आलेला बाप एकाच खोलीत दुपारपर्यंत झोपत असेल, तर तेथे मोबाईल मुलाला गप्प ठेवण्याचे काम करतो. अशा घरात ‘मोबाईल नको’ एवढेच म्हणून भागत नाही, मुलाला दुसरी जागा द्यावी लागते. तीन वर्षे पूर्ण झालेले मूल अंगणवाडीत नियमित जावे आणि उरलेला वेळ शेजारच्या ओट्यावर किंवा अंगणात कोणाच्या तरी नजरेखाली जावा, एवढी सोय आधी लावून मगच पडद्याची वेळ कमी करावी.

एकत्र कुटुंबातील प्रश्न अधिक नाजूक असतो. आईवडील कामावर गेल्यावर गुडघे दुखणारी आजी नातवामागे घास घेऊन किती धावणार? ती मोबाईल लावते आणि ताट रिकामे होते. याबद्दल सुनेने सासूला बोलणे हा सर्वांत वाईट मार्ग होय. आजीच्या मुलाने, म्हणजे नातवाच्या वडिलांनी, स्वतः आपल्या आईशी बोलावे, आणि तेही तिचा भार हलका करण्याची तयारी ठेवून. जेवताना मोबाईल बंद ठेवायचा असेल, तर मूल स्वतःच्या हाताने वरणभात सांडत अर्धा तास खाईल, दोन घास कमीही खाईल, आणि ती जमीन संध्याकाळी आजी पुसणार नाही, हे आधीच ठरलेले असावे. आजीला सायंकाळची मालिका पाहायची असल्यास त्या वेळी मुलाला बाहेर फिरवून आणण्याचे काम दुसऱ्याने घ्यावे.

पाटण किंवा जावळीकडील अनेक घरांत वडील मुंबईला असतात, तर खानापूर-आटपाडीकडील गलाई व्यावसायिक, म्हणजे सोने-चांदी गाळण्याचा धंदा करणारे, दूरच्या राज्यांत असतात. त्यांच्याशी होणारे व्हिडिओ कॉल पडद्याच्या तासाभराच्या मर्यादेत धरू नयेत. दोन वर्षांखालील मुलांसाठीही भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने नातेवाइकांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलला सूट दिली आहे. खरी अडचण कॉल संपल्यावर सुरू होते, कारण फोन मुलाच्याच हातात राहतो. म्हणून फोन मोठ्या माणसाने धरावा आणि ‘आता फोन ठेवू या’ हे वडिलांनी पलीकडूनच सांगावे.

द्राक्षाच्या फळछाटणीत किंवा ऊसतोडीच्या दिवसांत नियम सैल होणारच. मात्र सवलत किती दिवसांची आहे, हे तेव्हाच दिनदर्शिकेवर लिहून ठेवावे.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये सायंकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास घरोघरी टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवण्याची पद्धत सुरू केली. तेथील नियम मोठ्यांनाही लागू आहे, हे महत्त्वाचे. कारण वडील अंथरुणात पडून रील पाहत असताना मुलाला दिलेली तंबी दोन दिवसही टिकत नाही. लहान मूल असलेल्या घराने या पद्धतीत एवढाच बदल करावा, की साडेआठनंतर मोबाईल पुन्हा सुरू झाले तरी ते मुलाच्या अंथरुणाजवळ येऊ नयेत, आणि चार्जरही दुसऱ्या खोलीत किंवा स्वयंपाकाच्या ओट्यालगतच्या बटणाला लावलेला असावा.