तारा काढण्याआधी काय काय हाताशी हवं

इलेक्ट्रिक गिटारचा फिंगरबोर्ड (म्हणजे फ्रेटबोर्ड, नेकवरची बोटं दाबायची लाकडी पट्टी) साफ करायला बसण्याआधी तारांचा नवा सेट घरात आहे ना, ते बघा. काढलेल्या जुन्या तारा परत चढवायला गेलात की वळलेली टोकं तुटतात. आधी ०.००९ ते ०.०४२ इंचांचा सेट असेल तर तोच आणा. गेज, म्हणजे तारांची जाडी, बदललं की नेकवरचा (गिटारच्या मानेवरचा) ताण बदलतो आणि सेटिंग नव्याने करत बसावं लागतं.

मग लाकूड ओळखा, कारण पुढची निम्मी यादी त्यावर ठरते. काळपट तपकिरी, जवळून पाहिलं तर बारीक रंध्रं दिसणारा असेल तर तो बहुधा रोजवूड. पुष्कळ गिटारांवर तो भारतीय रोजवूड असतो, म्हणजे आपल्या सह्याद्रीत वाढणारा शिसवच. २०१७ साली रोजवूडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले, तेव्हा फेंडर या गिटार कंपनीने मेक्सिकोत बनणाऱ्या बऱ्याच गिटारांवर ‘पाव फेरो’ नावाच्या लाकडाचा बोर्ड बसवला. त्यालाही रोजवूडसारखंच वागवायचं. एबनी जवळजवळ काळा असतो. या तिघांवर सहसा लॅकर नसतं, म्हणून त्यांना तेल चालतं. पिवळसर मेपलवर मात्र बहुतेक वेळा लॅकरचा थर असतो, तिथे तेल आत जातच नाही. मेपलला किंचित ओलसर फडकं आणि लगेच कोरडं फडकं, एवढंच पुरे.

सामान फारसं लागत नाही: दोन-तीन मऊ सुती फडकी (धुऊन विरलेली बनियन उत्तम), मऊ जुना टूथब्रश, बाद झालेलं एटीएम कार्ड, मास्किंग टेप, तारा कापायला पक्कड आणि फ्रेटबोर्डचं तेल. ‘लेमन ऑइल’ म्हणून मिळतं ते बहुतेक खनिज तेलच असतं, लिंबू वासापुरतं. स्वयंपाकघरातलं खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल नको, लाकडात राहून ते खवट होतं. फर्निचरचं सिलिकॉनवालं पॉलिशही नको. पुढे कधी लॅकरचं काम निघालं तर कारागीर वैतागेल. नेक टेकवायला टॉवेलची गुंडाळी करून ठेवा. फ्लॉइड रोझसारखा तरंगता ब्रिज (तारा अडकवायचा, स्प्रिंगांवर हलणारा भाग) असेल तर तारा सोडण्याआधी त्याच्याखाली घडी केलेलं फडकं सरकवा, नाहीतर मागच्या स्प्रिंगा त्याला आत ओढतात. सगळ्या तारा एकदम काढल्या तर नेक वाकतो ही भीती सोडून द्या. तास-दोन तासांत काही होत नाही.

खरा मळ फ्रेटच्या, म्हणजे बोर्डावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या, अगदी कडेला असतो. घाम आणि कातडीचा चुरा यांचं तिथे करडं-काळं कीट बसतं आणि नखाने खरवडलं की मेणासारखं निघतं. कार्डाची कड फ्रेटला लावून हलक्या हाताने ओढा, मग कोरडा ब्रश फिरवा. निम्मी सफाई एवढ्यातच होते. तरीही डाग हटत नसेल तर रोजवूडवर चार शून्यांचं, म्हणजे ०००० नंबरचं स्टीलवुल लाकडाच्या रेषेच्या दिशेने फिरवा. त्याआधी पिकअप (तारांखालचे, आवाज टिपणारे चुंबकी भाग) मास्किंग टेपने पूर्ण झाका. आतल्या चुंबकाला लोखंडाचे तंतू चिकटले की ते काढता काढता जीव जातो. भांडी घासायची तारेची घासणी इथे चालत नाही, आणि मेपलच्या लॅकरला स्टीलवुल लावूच नये, चकाकी जाते.

तेल सगळ्यात शेवटी, आणि खरं तर सगळ्यात कमी. अख्ख्या बोर्डाला पाच-सहा थेंब, तेही फडक्यावर घेऊन. दोन-तीन मिनिटं थांबून सगळं पुसून काढा, बोटाला ओशट लागता कामा नये. वर्षातून एक-दोनदा पुरतं. लाकूड कोरडं, फिकं दिसत नसेल तर तेही टाळा. लोक हौसेपोटी तेल पाजतात, आणि गिटारचं नुकसान धुळीपेक्षा त्याने जास्त होतं.

नव्या तारा सुरात लावल्यावर नेकचा बाक दुसऱ्या दिवशी तपासा. एकच तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली पाव मिलिमीटरच्या आसपास फट दिसली की ठीक. ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक कमी-जास्त करणारी सळई) फिरवायचाच झाला तर एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नको, आणि किल्ली नटमध्ये नीट बसली नाही तर जोर न लावता दुकानात न्या.

कोकण-मुंबईकडे पावसाळ्यात गिटार भिंतीला टेकवून ठेवू नका, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि वाजवून झालं की तारांखालून एकदा फडकं ओढा, कारण तारांचा गंजच पुढे बोर्डावर उतरतो. विदर्भात उन्हाळ्यात उलटं होतं: लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं हाताला टोचतात. तेल लावून ती आत जात नाहीत, कारागिराकडून कानसून घ्यावी लागतात.